मुलीला पूर्णवेळ स्टँड-अप कॉमेडी करायची आहे : नोकरी सोडण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

निवृत्त_शिक्षक_नाशिक यांचा प्रश्न

नमस्कार. मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला मराठीचा शिक्षक आहे. माझी मुलगी २७ वर्षांची असून गेली ४ वर्षे पुण्यात हिंजवडी येथे सॉफ्टवेअर तपासणीची नोकरी करते. सव्वा वर्षापासून ती आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी ओपन माइकला, म्हणजे नवख्यांनाही काही मिनिटे सादर करू देणाऱ्या कार्यक्रमांना, जाते आणि येत्या मार्चमध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ स्टँड-अप करावे, असा तिचा विचार आहे. तिला अडवण्यासाठी मी हे लिहीत नाही. तिच्याशी बोलताना माझ्याकडे केवळ काळजी असू नये, थोडी माहितीही असावी, एवढ्यासाठी विचारतो आहे.

मागच्या महिन्यात मी पहिल्यांदा तिचा कार्यक्रम पाहिला. कर्वे रस्त्याजवळच्या एका कॅफेत चाळीसएक माणसे होती आणि त्यांतले दहा-बारा जण स्वतःच्या पाळीची वाट पाहणारे कलाकार होते. तिला सात मिनिटे मिळाली. मी दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो आणि एका रतिबासाठी तीन महिने दूधवाल्याशी पत्रव्यवहार केल्यासारखा वाद घालतो, हा त्यातला मुख्य विषय होता. हाच किस्सा तिने मला फोनवर तीन वेळा, प्रत्येक वेळी थोड्या निराळ्या शब्दांत सांगितला होता, हे मला तिथे बसल्यावर आठवले. ती मला किस्सा सांगत नव्हती, कच्चा खर्डा वाचून दाखवत होती, हे तेव्हा कळले आणि तिच्या कष्टांविषयी मनात आदर निर्माण झाला. लोकही मनापासून हसले.

परंतु सात मिनिटे हसवणे आणि त्यावर आयुष्य उभे करणे यांत किती अंतर आहे, याचा मला अंदाज नाही. या कामाचे पैसे नेमके कोण देते? किती वर्षांनी? नोकरी सोडल्याने कला खरोखर वाढते की केवळ वेळ वाढतो? ती मला नेहमी जॉनी लिव्हर यांचे उदाहरण देते : "बाबा, त्यांनीही कारखान्यातली कायमची नोकरी सोडलीच होती ना?" हे उदाहरण तिच्या बाजूचे आहे की माझ्या, तेही मला समजून घ्यायचे आहे. या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

माइकची_पाळी यांचा प्रतिसाद

काका, नमस्कार. मी गेली ७ वर्षे मराठीत स्टँड-अप करते आणि त्यांतली शेवटची ३ वर्षे पूर्णवेळ. मला स्वतःला जे कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, तेवढेच लिहिते.

आमच्या कामात भांडवल एकच असते : सांगण्यासारखी, तपासून घेतलेली मिनिटे. ओपन माइकला चार-पाच मिनिटे मिळतात. तिथे चांगले काम झाले की चार-पाच कलाकारांच्या तिकिटाच्या कार्यक्रमात, ज्याला आम्ही लाइनअप म्हणतो, त्यात आठ-दहा मिनिटांचा स्पॉट मिळतो. पुढे कार्यक्रमाचे सूत्रसंचालन, मग वीस मिनिटे, मग कोणाच्या तरी सोलोआधी, म्हणजे एकट्याच्या कार्यक्रमाआधी, प्रेक्षक तापवण्याचे काम, आणि शेवटी स्वतःचा एक तास. हा तास लिहून काढला की तयार होत नाही. मी घरी लिहिलेल्या दहा ओळींतली एखादीच रंगमंचावर टिकते आणि कोणती टिकेल हे मला आजही आधी सांगता येत नाही. त्यामुळे "सव्वा वर्ष झाले" या हिशेबापेक्षा तिच्याजवळ अनोळखी माणसांसमोर, निरनिराळ्या जागी, पुन्हा पुन्हा चाललेली किती मिनिटे आहेत हा हिशेब तिला विचारा. ओपन माइकमधल्या कलाकारांचे हसू त्यात धरू नका. ते हसू मैत्रीचे असते किंवा कारागिरीला दिलेली दाद असते, आणि घरून तिकीट काढून आलेल्या माणसाला या दोन्हींशी काही देणेघेणे नसते.

तुम्ही मराठीचे शिक्षक आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण इथे तुमची तिला मदत होईल. विनोदात ज्या शब्दावर हसू फुटते तो शब्द वाक्याच्या अगदी शेवटी यावा लागतो, कारण त्यानंतर उच्चारलेले प्रत्येक अक्षर हसण्यात अडथळा आणते. मराठीत क्रियापद शेवटी येते. म्हणजे "लिफ्ट बंद पडली की आमचे सेक्रेटरी आधी गुरुजींना बोलावतात" असे म्हटले, तर लोक "गुरुजींना" या शब्दावर हसू लागतात आणि "बोलावतात" हे त्या हसण्याच्या अंगावर जाऊन पडते. तेच "लिफ्ट बंद पडली की आमचे सेक्रेटरी सगळ्यांत आधी बोलावतात कोणाला, तर गुरुजींना" असे केले की शब्द जागेवर बसतो. हे "काय, तर", "कोण, तर" आपल्या आजी-मावश्या गोष्ट सांगताना सहज वापरतात. मी सुरुवातीची दोन वर्षे हिंदी आणि इंग्रजी कलाकारांचे ऐकून लिहीत होते आणि माझी वाक्ये का पडतात हे मला कळत नव्हते. ज्या दिवशी मी माझ्या आत्याचे बोलणे लक्ष देऊन ऐकले, त्या दिवसापासून माझे लेखन बदलले. दुधाच्या हिशेबाचा तो किस्सा तिच्याबरोबर या दृष्टीने एकदा वाचून पाहा.

आता पैशांविषयी. मला पहिले मानधन पंधराव्या महिन्यात मिळाले आणि ते पाचशे रुपये होते. आज माझे उत्पन्न चार ठिकाणांहून येते : तिकिटाचे कार्यक्रम, कंपन्यांचे आणि महाविद्यालयांचे कार्यक्रम, दुसऱ्यांसाठी लेखन आणि अधूनमधून निवेदन. यांत सर्वांत अधिक पैसे कंपन्यांच्या कार्यक्रमांत मिळतात आणि सर्वांत कमी समाधानही तिथेच मिळते, कारण लोक जेवणाच्या रांगेत उभे असतात आणि विषयांवर बंधने असतात. लेखनाचे काम स्थिर असते. २०१४ साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या' आणि २०१८ साली आलेल्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' यांसारख्या कार्यक्रमांमुळे मराठीत प्रहसन लिहिणाऱ्यांची गरज वाढली. २०१६ साली सुरू झालेल्या भाडिपाने, म्हणजे भारतीय डिजिटल पार्टी या वाहिनीने, यूट्यूबवर तरुण मराठी प्रेक्षक गोळा केला आणि मराठी स्टँड-अपला तिकीट काढून येणारा वर्ग मिळण्यात त्याचा मोठा वाटा आहे, असे माझे मत आहे.

मात्र यूट्यूबविषयी तिला सावध करा. एखादा किस्सा इंटरनेटवर टाकला की तो रंगमंचावर जवळजवळ संपतो, कारण ज्या विनोदाचा आधार अनपेक्षितपणा आहे तो दुसऱ्यांदा ऐकताना अर्धा होतो. याला अपवाद आहे आणि तो आपल्याच भाषेत ठळकपणे दिसतो. पु. ल. देशपांडे यांच्या ध्वनिफिती पाठ असलेली माणसे त्या पुन्हा ऐकतात, 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मधली पात्रे तोंडपाठ असूनही लोक प्रयोगाला जात असत. तिथे लोक शेवटच्या शब्दासाठी येत नाहीत, त्या माणसांना भेटायला येतात. म्हणून कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिणारे वडील हे पात्र म्हणून उभे राहिले, तर तिच्याजवळ टिकणारे काहीतरी आहे. ते केवळ एका पंचसाठी वापरले असेल, तर वर्षभरात ते जुने होईल.

नोकरीविषयी माझे म्हणणे असे आहे की ती आत्ता सोडू नये, परंतु दोन्ही फार काळ ओढूही नये. मी चार वर्षे दिवसा नोकरी आणि रात्री कार्यक्रम असे केले. रात्री साडेबाराला परत येऊन सकाळी आठची बस पकडत असे आणि शेवटच्या वर्षी माझे नोकरीतले कामही खालावले आणि लेखनही. बाहेरगावचे कार्यक्रम शुक्रवार ते रविवार असतात, म्हणून आठवड्यातून चार दिवस काम करण्याची किंवा सहा महिन्यांच्या बिनपगारी रजेची सोय आहे का, हे तिने राजीनाम्यापूर्वी कंपनीत विचारावे. आणखी एक गोष्ट आई-वडिलांनी गृहीत धरलेली बरी : मुलगी असल्यामुळे तिच्या खर्चात रात्रीची टॅक्सी आणि बाहेरगावी सुरक्षित मुक्काम हे दोन खर्च मुलग्यांपेक्षा वेगळे आणि मोठे असतात. आयोजकाशी बोलणी करताना ते मानधनाबाहेर, स्वतंत्रपणे मागायला तिने पहिल्या दिवसापासून शिकावे. मी ते मागायला लाजत होते आणि पहिली दोन वर्षे माझे निम्मे मानधन प्रवासात गेले.

ऑर्केस्ट्रा_ते_आज यांचा प्रतिसाद

सर, नमस्कार. माझे वय ६८ आहे. १९७८ पासून सुमारे वीस वर्षे मी मुंबईतल्या वाद्यवृंदांमध्ये निवेदक आणि नकलाकार म्हणून काम केले. त्यामुळे जॉनी लिव्हर यांच्या उदाहरणाविषयी दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मानतो, कारण ज्या व्यवस्थेतून ते वर आले ती व्यवस्था मी आतून पाहिली आहे.

त्यांचे मूळ नाव जॉन प्रकाश राव जानुमाला. जन्म आंध्र प्रदेशातला, तेलुगू भाषक कुटुंबातला, आणि बालपण मुंबईत धारावी-माटुंगा परिसरात गेले. घरच्या परिस्थितीमुळे सातवीनंतर शाळा सुटली. रस्त्यावर पेनं विकताना ते नटांच्या नकला करत आणि नाचत, म्हणजे त्यांचा पहिला प्रेक्षक चालता-चालता थांबणारा होता, हे लक्षात घ्या. त्यांचे वडील हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात कामाला होते आणि तेही तिथेच कामगार म्हणून लागले. कामगारांच्या एका समारंभात त्यांनी अधिकाऱ्यांच्या नकला केल्या आणि तिथल्या लोकांनीच त्यांना जॉनी लिव्हर हे नाव दिले.

आता तुमच्या मुलीने सांगितलेला भाग. नोकरी त्यांनी सोडली, हे खरे आहे आणि ते वर्ष १९८१ होते. परंतु नोकरी सोडून त्यांनी कार्यक्रम शोधले नाहीत. कार्यक्रम इतके वाढले की कारखान्यात जाणे अशक्य झाले, म्हणून नोकरी सुटली. त्यापूर्वी ते अनेक वर्षे वाद्यवृंदांतून काम करत होते आणि कल्याणजी-आनंदजी यांच्या कार्यक्रमांत त्यांचे स्थान निर्माण झाले होते. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, अमिताभ बच्चन यांच्याबरोबरचा परदेश दौरा झाला आणि सुनील दत्त यांच्या 'दर्द का रिश्ता' मध्ये भूमिका मिळाली. तरीही घरोघर ओळख झाली ती १९९३ च्या 'बाजीगर' नंतर. नोकरी सोडल्यापासून मोजले तर बारा वर्षे झाली आणि रस्त्यावरच्या पेनांपासून मोजले तर त्याहून कितीतरी अधिक. म्हणून तुम्ही विचारता की उदाहरण कोणाच्या बाजूचे, तर ते तुमच्या मुलीच्या बाजूचे आहे, पण तिने ठरवलेल्या मार्च महिन्याच्या बाजूचे नाही.

वरील ताईंनी मिनिटांना भांडवल म्हटले आहे. त्यांच्या अनुभवाचा मान राखून मी थोडा निराळा विचार मांडतो. आमच्या काळात नकलाकार हा गाण्यांच्या मधला माणूस होता. गायिका साडी बदलते आहे, तबल्याचा माइक बंद पडला आहे, प्रमुख पाहुण्यांची गाडी अडकली आहे, अशा वेळी "जा, दहा मिनिटं काढ" म्हणून ढकलायचे. समोर गणेशोत्सवाच्या मंडपातली हजारभर माणसे गाण्यासाठी आलेली असत आणि तुम्ही त्यांना नकोच असता. ठरलेली मिनिटे तिथे कामाला येत नसत. दादरला एक चालायचे, लालबागला दुसरे, आणि पनवेलच्या पुढे गेलात तर निम्मे सोडून द्यावे लागे. तिथे जे टिकले त्यांच्याजवळ विनोदांपेक्षा माणसे ओळखण्याची सवय अधिक होती. आजच्या कॅफेतला प्रेक्षक एका वयाचा, एका शिक्षणाचा आणि पुष्कळदा एकाच उपनगराचा असतो. पुण्यातल्या पेठांवरचा किस्सा सोलापूरला सांगून पाहावा, म्हणजे तो किस्सा विनोदी आहे की केवळ ओळखीचा आहे हे कळेल. तुमच्या मुलीने मार्चपर्यंत नोकरी सांभाळून एखाद्या महिला मंडळात, एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात आणि ज्येष्ठ नागरिक संघात पंधरा-पंधरा मिनिटे सादर करावीत, अशी माझी मनापासून सूचना आहे.

दुसरे असे की मराठीत एकट्याने रंगमंच सांभाळणाऱ्या मंडळींनी पोटाचा दुसरा उद्योग बहुधा जवळ ठेवला. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये तीन तासांत ५२ व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या करत, पण ते औरंगाबादला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवतही होते. शिरीष कणेकर 'माझी फिल्लमबाजी' घेऊन रंगमंचावर उभे राहिले तेव्हा ते पत्रकार आणि स्तंभलेखक म्हणून वाचकांच्या परिचयाचे होते. त्यामुळे त्यांना नको असलेल्या प्रयोगाला "नाही" म्हणता येत असे. ज्याची चूल केवळ प्रयोगावर पेटते त्याला "नाही" म्हणता येत नाही, आणि मग दारू प्यायलेल्या मेजवान्यांपुढेही उभे राहावे लागते. मी उभा राहिलो आहे. १९९४ साली एका लग्नाच्या स्वागतसमारंभात मला व्यासपीठावरून खाली उतरून टेबलाटेबलाशी जाऊन नकला करायला सांगितले आणि मुलीच्या शाळेची फी भरायची होती म्हणून मी त्या केल्या. ती रात्र मला अजून सलते.

आणखी एक उदाहरण सांगतो. राजू श्रीवास्तव कानपूरहून १९८० च्या दशकात मुंबईला आले, छोट्या छोट्या भूमिका आणि रंगमंचावरचे कार्यक्रम करत राहिले आणि 'ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' २००५ साली आले तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी ओलांडली होती. त्याच स्पर्धेच्या पहिल्या पर्वाचे विजेते सुनील पाल आपल्या विदर्भातले. लोकांना त्या एका हंगामात दोघे एकदम दिसले, पण श्रीवास्तव यांच्यामागे वीस वर्षांचे काम उभे होते.

निवृत्त_शिक्षक_नाशिक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आपले प्रतिसाद मी मुलीला पाठवले. मिनिटांचा हिशेब तिने स्वतःहून केला आणि खात्रीची अशी मिनिटे अठरा निघाली. तिला स्वतःलाही ती तीस वाटत होती. "कोणाला, तर" हा भाग वाचून आम्ही दोघांनी रविवारी दोन तास तिच्या लेखनावर काम केले. माझ्या आयुष्यातला तो फार आनंदाचा रविवार होता.

एक नवा प्रश्न निर्माण झाला आहे. एका डिजिटल वाहिनीने तिच्या पाच किश्श्यांचे चित्रीकरण करून प्रसिद्ध करण्याची तयारी दाखवली आहे. मानधन नाही, प्रसिद्धी मिळेल असे म्हणतात. पाठवलेल्या दोन पानी करारात "सर्व हक्क कायमस्वरूपी" असे शब्द आहेत. यावर सही करावी का?

हक्क_आणि_करार यांचा प्रतिसाद

सर, मी वकील आहे आणि रंगभूमीवरील कलाकारांचे करार पाहतो. करार प्रत्यक्ष वाचल्याशिवाय निश्चित सल्ला देता येत नाही, तरी सर्वसाधारण स्थिती अशी आहे.

तिने लिहून काढलेला किस्सा हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृती ठरतो आणि त्यासाठी नोंदणीची अट नाही. कल्पनेला संरक्षण मिळत नाही, मांडणीला मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणजे "वडील दुधाचा हिशेब लिहितात" हा विषय कोणालाही घेता येईल, परंतु तिची वाक्यरचना आणि क्रम उचलता येणार नाही. म्हणून प्रत्येक मसुदा तारखेसह जपून ठेवावा, ध्वनिमुद्रण ठेवले तर अधिक चांगले. याशिवाय सादरकर्ती म्हणून तिला स्वतंत्र हक्क आहेत आणि ते ५० वर्षे टिकतात.

हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. तुमच्या करारात "कायमस्वरूपी" असे स्पष्ट लिहिलेले असल्यामुळे हे संरक्षण मिळणार नाही. मी असतो तर तीन बदल मागितले असते : हक्क केवळ त्या चित्रफितीपुरते असावेत आणि मूळ लेखनाचे तिच्याकडेच राहावेत, मुदत दोन किंवा तीन वर्षांची असावी, आणि तेच किस्से रंगमंचावर सादर करण्याची तिला मोकळीक असल्याचे वाक्य असावे. तिसरे वाक्य नसल्यामुळे स्वतःचाच किस्सा सादर करताना अडचणीत आलेली एक तरुण कलाकार माझ्याकडे आली होती. समोरची मंडळी प्रामाणिक असतील तर हे बदल मान्य करायला त्यांना अडचण येऊ नये.

फुकट काम करण्याविषयीही लिहितो, कारण हा प्रश्न जुना आहे. लॉस एंजेलिसच्या कॉमेडी स्टोअर या क्लबमध्ये १९७० च्या दशकात कलाकारांना काहीच मानधन मिळत नसे. इथे तुम्हाला प्रसिद्धी मिळते, ही जागा म्हणजे शाळा आहे, हीच भूमिका तिथेही होती. १९७९ मध्ये कलाकारांनी सुमारे सहा आठवडे संप केला आणि प्रत्येक सादरीकरणामागे २५ डॉलर मिळू लागले. रक्कम लहान होती, पण जो तिकीट लावून कमावतो त्याने सादर करणाऱ्याला द्यावे, हे तत्त्व मान्य झाले. ओपन माइकला पैसे मिळत नाहीत हे ठीक आहे, ते सरावाचे ठिकाण आहे. जिथे दुसरा कमावतो तिथे मात्र तिने विचारावे.

शेवटी एक गंभीर बाब. फौजदारी कायद्यात धार्मिक भावना दुखावणे, अश्लीलता आणि बदनामी यांची कलमे आहेत आणि १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेत आली आहेत. स्टँड-अप कलाकार मुनव्वर फारुकी यांना १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमध्ये अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारीला अंतरिम जामीन देईपर्यंत ते महिनाभराहून अधिक काळ तुरुंगात होते. मार्च २०२५ मध्ये स्टँड-अप कलाकार कुणाल कामरा यांच्या कार्यक्रमावरून मुंबईत खार येथील हॅबिटाट या जागेची तोडफोड झाली आणि ती जागा चालवणाऱ्यांनी ती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. तिने कशावर बोलावे हे मी सांगणार नाही, तो तिचा अधिकार आहे आणि तो अधिकार टिकावा असे मला मनापासून वाटते. फक्त जागा देणाऱ्याला विषयाची कल्पना आधी द्यावी, स्वतःच्या पूर्ण सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण नेहमी जवळ ठेवावे, कारण तुकडे कापून पसरवले जातात, आणि एका वकिलाचा क्रमांक फोनमध्ये असावा.

माइकची_पाळी

वकील साहेबांनी करारातल्या बदलांविषयी लिहिलेले मीही अनुभवातून शिकले, त्यामुळे त्याला पूर्ण अनुमोदन. काका, अठरा मिनिटे सव्वा वर्षात ही चांगली प्रगती आहे, तिला कमी वाटू देऊ नका. ज्येष्ठांच्या सूचनेशीही मी आता सहमत आहे : कॅफेबाहेरची जागा मी फार उशिरा पाहिली. मात्र महामारीने शिकवलेली एक गोष्ट मी विसरले होते. मार्च २०२० मध्ये सर्व नाट्यगृहे बंद झाली, मधे काही महिने निम्म्या आसनांवर उघडली, पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबर २०२१ पर्यंत महाराष्ट्रात हीच स्थिती राहिली. त्या काळात माझ्या ओळखीचे जे कलाकार पूर्णवेळ होते त्यांतल्या अनेकांनी हे क्षेत्र सोडले, आणि ते माझ्यापेक्षा कमी गुणी नव्हते. नोकरी सोडण्यापूर्वी किमान वर्षभराचा घरखर्च बाजूला असावा, हे मी म्हणते ते त्यांच्याकडे पाहून.

निवृत्त_शिक्षक_नाशिक

करारातले तीनही बदल तिने मागितले. वाहिनीने दोन मान्य केले आणि मुदतीबाबत अजून बोलणे चालू आहे. तोपर्यंत सही करायची नाही, असे तिने ठरवले आहे. राजीनाम्याऐवजी आठवड्यातून चार दिवसांच्या कामासाठी तिने कंपनीत अर्ज दिला आहे. अठरा मिनिटांची चाळीस झाली की पुन्हा विचार करू, असे आम्हा दोघांचे ठरले.

दरम्यान तिला नाशिकला अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचा आहे. माझ्या ओळखीने कालिदास कलामंदिर किंवा प. सा. नाट्यगृह मिळू शकेल का, हे पाहण्याची माझी तयारी आहे. शंभरएक माणसे येतील असा अंदाज आहे.

ऑर्केस्ट्रा_ते_आज

सर, शंभर माणसांसाठी नाट्यगृह मुळीच घेऊ नका. मोठ्या सभागृहात शंभर माणसे पसरून बसतात, दोन माणसांच्या मधे चार खुर्च्या रिकाम्या राहतात आणि हसू एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. प्रत्येक जण एकटा हसतो आणि एकटा माणूस लवकर थांबतो. एखाद्या वाचनालयाचा किंवा शाळेचा, छत ठेंगणे असलेला हॉल पाहा. खुर्च्या ऐंशीच मांडा आणि त्याही एकमेकींना चिकटून. उरलेले वीस जण मागे उभे राहिले तरी चालेल. पंखे आवाज करणारे असतील तर कार्यक्रमाच्या वेळी बंद ठेवता येतील असा महिना निवडा, म्हणजे डिसेंबर किंवा जानेवारी. माइक तारेचा घ्या, बिनतारी नको, आणि ध्वनियंत्रणा चालवणाऱ्या मुलाला एक तास आधी बोलावून मुलीला मागच्या भिंतीशी उभे करून तिचाच आवाज ऐकवा. आणि आपण स्वतः पहिल्या रांगेत बसू नका. दुधाचा किस्सा सुरू झाला की सगळे आपल्याकडे पाहतील आणि तिच्याकडे पाहणार नाहीत. शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसावे.